श्रीमंत देशात गरीबच जास्त लठ्ठ कसे?

रावेरकर: आपल्याकडे पोट सुटलेला माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा. केळीचे घड वाहणारे मजूर तर काटकुळेच. मग इंग्लंडात उलटं कसं? तिथले गरीब कष्ट करत नाहीत का?

अमळनेरची लेक (मुक्काम लेस्टर): करतात की दादा! गोदामात रात्रपाळी, घरी येऊन लेकरांचं. त्यांना आळशी म्हटलं की मला फार लागतं. इथं शाळेत मुलांची उंची-वजन मोजतात. सर्वांत गरीब वस्त्यांत लठ्ठ मुलांचं प्रमाण सर्वांत सधन वस्त्यांच्या दुपटीहून जास्त निघतं. भाजी-फळांपेक्षा बिस्किटं, चिप्स स्वस्तात पोट भरतात. काहींच्या भाड्याच्या खोलीत धड शेगडी नसते, विजेचे पैसे मीटरमध्ये आधी भरायचे. अशात वांगी भाजत कोण बसणार?

चोपडेकर: ताई, सरकार काही करतं का?

अमळनेरची लेक: २०१८ पासून गोड पेयांवर कर आहे, १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम साखरेपासून पुढे. कंपन्यांनी साखर घटवली, हे चांगलंच झालं. पण त्यानं घरभाडं कमी होत नाही, पगारही वाढत नाही.

धुळेकर: आमच्या गावात शाळेसमोर पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात, भाऊ. कळण्याची भाकरी पोरं डब्यातून परत आणतात.