शुक्रवारी बाळ घरी येतंय, मॉनिटरशिवाय पहिल्या रात्री कशा काढल्यात?

आमची लेक 30 व्या आठवड्यात झाली, वजन 1240 ग्रॅम. आज एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) तिचा 47 वा दिवस. आता 1980 ग्रॅम भरते, पेटीतून बाहेर आली आहे, सगळं दूध तोंडाने पिते. शुक्रवारी सोडू म्हणाले. ऐकल्यावर आधी रडले, आणि तेव्हापासून पोटात गोळा आलाय.

बाकीची तयारी झाली आहे. लोहाचे आणि व्हिटॅमिन डीचे थेंब, डोळ्यांच्या पडद्याची पुढची तपासणी, कानांची चाचणी, सगळं लिहून ठेवलंय. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, लवकर झाली म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत, हे मला इथेच कळलं.

भीती वेगळीच आहे. 47 दिवस मी बाळाकडे कमी आणि तिच्या डोक्यावरच्या आकड्यांकडे जास्त बघितलंय. तळपायाला गुंडाळलेला तो लाल दिव्याचा पट्टा, ऑक्सिजन 84 टक्क्यांपर्यंत खाली आला की वाजणारा अलार्म. पहिल्यांदा वाजला तेव्हा सिस्टरांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी ओठांचा रंग बघितला, मग छाती, मग टाचेवर हलकेच बोट चोळलं. बाळाने श्वास घेतला. मला असं बाळाकडे बघून ओळखणं अजून जमत नाही.

डॉक्टर म्हणाले, या बाळांचा श्वास कधी भराभर चालतो, मग पाच-दहा सेकंद थांबतो, ते चालतं. 20 सेकंद थांबला, किंवा ओठ निळे-राखाडी पडले, बाळ ढिलं पडलं, तर तातडीची गोष्ट. गेले आठ दिवस तसं काही झालेलं नाही, म्हणून घरी मॉनिटर लागणार नाही असं त्यांचं मत. मला पटतं, पण रात्री दोन वाजता काळोखात दहा सेकंद किती लांब वाटतील!

ज्यांनी यातून बाळ घरी नेलंय त्यांना विचारते. पहिल्या रात्री तुम्ही दोघांनी पाळ्या लावल्या होत्या का? ती दर तीन तासांनी 40 मिली घेते, पण दुधासाठी स्वतःहून उठत नाही, उठवावं लागतं. अर्धं पिऊन झोपली तर किती वेळ प्रयत्न करायचा? आणि शेवटच्या दोन रात्री दवाखान्यातच बाळाजवळ, मॉनिटर बंद ठेवून झोपू द्या, असं कुणी मागितलं होतं का? उद्या राउंडला विचारायचं म्हणतेय.

आणखी एक. सासूबाई आणि नणंदा 47 दिवस काचेपलीकडूनच बघतायत. सर्दी असेल तर येऊ नका आणि आल्यावर आधी हात धुवा, एवढं त्यांना न दुखावता कसं सांगावं? सासूबाईंनी माझ्यासाठी खूप केलंय, त्यांना परकं वाटू नये.

आता दुधाची वेळ झाली. नऊचं पाजून, थोडा वेळ छातीशी धरून मग येते आणि वाचते.