मदत हवी आहे: रेजेक्समध्ये (मजकूर शोधायच्या पॅटर्नमध्ये) वेब-पत्त्यातला भाग असला-नसला तरी जुळवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात चप्पल लाईनला ओळखीच्या काकांचं दुकान आहे, त्यांची वेबसाइट मी बघतो. लोक कोणता प्रकार जास्त उघडून बघतात हे त्यांना दिवाळीआधी कळायला हवं. हाताने शिवायचा माल आहे, कारागिरांना आधी सांगावं लागतं. म्हणून सर्व्हरच्या लॉगमधले, म्हणजे भेटींच्या नोंदींतले, पत्ते पायथॉनने वाचतोय. डीकोड केल्यावर ते असे दिसतात:

/चपला
/चपला/कापशी/
/चपला/कापशी/पान-2
/चपला/पान-2/

प्रकार (इथे ‘कापशी’) असेल किंवा नसेल, पानाचंही तेच, आणि शेवटच्या स्लॅशचा तर काही नेमच नाही. सध्याचा पॅटर्न:

^/चपला(/.*)?(/पान-([0-9]+))?/?$

चारही पत्ते जुळतात, पण पानाचा आकडा कायम रिकामा येतो. .* च्या जागी बॅकस्लॅश-डब्ल्यू आणि अधिक चिन्ह टाकलं, तर ‘कापशी’ जुळतच नाही. एकच पॅटर्न पुरेल, की चार वेगळे लिहू? कारागिरांचं काम यावर ठरणार आहे, आकडे चुकायला नकोत.

प्रतिसाद:

भावा, एकच पुरेल. .* हावरट आहे, पानासकट शेवटपर्यंत सगळं गिळतं. पुढचा कंस ऐच्छिक असल्यामुळे तो रिकामा राहिला तरी जुळणी पूर्ण होते, मग रेजेक्स चालवणारं इंजिन मागे कशाला येईल? तिथे ‘स्लॅश सोडून काहीही’ म्हण: [^/]+

‘कापशी’चं कारण वेगळं आहे. पायथॉनच्या अंगभूत रे मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू अक्षर, अंक आणि अंडरस्कोर एवढंच ओळखतो. काना-वेलांटी त्यात बसत नाही, त्यामुळे तो ‘क’पाशीच अडकतो. [^/]+ ने तेही सुटतं.

स्लॅश कंसाच्या आत आहे तो तिथेच राहू दे. बाहेर काढून /? केलास, तर ‘/चपलाबाजार’ पण जुळेल आणि ‘बाजार’ हा चपलेचा प्रकार म्हणून मोजला जाईल.

खरी मेख तुझ्या चौथ्या पत्त्यात आहे. तिथे प्रकार नाही, म्हणून [^/]+ ‘पान-2’लाच प्रकार समजेल. त्याला आधी पुढे डोकावायला लाव:

^/चपला(?:/(?!पान-)([^/]+))?(?:/पान-([0-9]+))?/?$

(?! म्हणजे ‘पुढे हे नसेल तरच’. (?: चा कंस गटात, म्हणजे वेगळ्या काढून ठेवलेल्या तुकड्यांत, मोजला जात नाही. त्यामुळे पहिला गट प्रकार, दुसरा पान.

धागाकर्ता:

चाललं! चारही पत्ते बरोबर सुटे झाले. मनापासून आभार. एकच राहिलं: काही पत्त्यांत ‘पान-२’ असा देवनागरी अंक आहे, हाताने टाइप केलेला असावा. ते पत्ते अख्खेच गळतात.

प्रतिसाद:

[0-9] हे फक्त इंग्रजी अंक घेतं. [0-9०-९]+ कर. आलेला आकडा इंट फंक्शनला दे, पायथॉन ‘२’ आणि ‘2’ दोन्हींचा एकच पूर्णांक करतो, म्हणजे मोजणी एकाच पानाखाली येईल.