कडीला अडकवलेली पिशवी: चूक माझी की शेजारणीची?

ठमाबाई
माझं चुकलं की शेजारणीचं, एवढंच विचारायचंय.

डोंबिवलीतली आमची इमारत बिनलिफ्टची, त्यामुळे कोण काय घेऊन वर गेलं ते सगळ्यांना कळतं. दिवाळीच्या साफसफाईत मुलीचे आखूड झालेले कपडे काढले, धुतले, इस्त्री केले आणि दोन पिशव्या तळमजल्यावरच्या वहिनींच्या दाराला, कडीला अडकवल्या. त्यांची मुलगी सात वर्षांची, माझी अकराची. दार बंद होतं म्हणून 'वापरा हं, सगळं चांगलं आहे' असं व्हॉट्सॲपवर टाकलं. अंगठा आला.

दिवाळीनंतर बोहारीण आली. जिन्यात बसून एकेक कपडा उजेडाकडे धरून बघत होती, कुठे विरलाय का, डाग आहे का. त्यात माझ्या मुलीचा परकर! माझ्या आजीच्या इरकली लुगड्याचा शिवलेला, गोमी काठाचा. आणि वहिनी पातेल्यासाठी घासाघीस करत होत्या. मला बघून त्या वरमल्या, मीही. नंतर बोहारणीला गेटपाशी गाठलं तर म्हणते, "ताई, त्याच्यावर मी पातेलं दिलंय." शेवटी दोनशे रुपये देऊन परकर सोडवून आणला. राग आलाय, पण कोणाचा ते ठरत नाहीये.

सडेतोड
तुमचंच चुकलं. दिलं म्हणजे दिलं. आजीची आठवण होती तर ती पिशवीत गेलीच कशी? वहिनींना त्या काठात तुमची आजी दिसणार होती का? त्यांनी निदान पातेलं तरी मिळवलं.

पाचवा मजला
सडेतोड, असहमत. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. नको होते तर "बसत नाहीत हो" म्हणून पिशवी परत करायची. त्यांच्याच कपड्यांवर, त्यांच्याच जिन्यात भांडं घ्यायचं म्हणजे कमाल आहे. मी मावसबहिणीच्या कपड्यांवर वाढले. दर मे महिन्यात सांगलीहून तिची ट्रंक यायची, उघडली की डांबरगोळ्यांचा वास. युनिफॉर्मच्या कॉलरला आतून तिचं नाव शाईने लिहिलेलं, ते धुऊन धुऊन फिकट जांभळं झालेलं. दोन वर्षं मी ते नाव मानेवर घेऊन शाळेत गेले. कधी कमीपणा वाटला नाही.

सडेतोड
मावसबहीण घरची. तुमच्यानंतर तेच कपडे धाकट्याकडे गेले असतील, कोणी हिशोब ठेवला नसेल. शेजारीण मागायला आली नव्हती. तिला धर्माची गाय म्हणालात तिथेच गोम आहे. (काठावरची नव्हे.)

जुनाबाजार
बोहारणीला दिलं म्हणजे वाया गेलं हे डोक्यातून काढा. दिल्लीत रघुबीर नगरला पहाटे याच कपड्यांचा बाजार भरतो. शिवून, धुऊन, इस्त्री होऊन पुन्हा विकले जातात. अगदीच गेलेली लोकर पानिपतला पिंजून परत सूत होते. चोख व्यवहार आहे, उपकार नाहीत. माझ्या मते शेजारणीपेक्षा बोहारीण बरी, तिला नाही म्हणताना संकोच वाटत नाही. आणि ज्यांना दानच करायचंय त्यांनी 'गूंज'सारख्या संस्थेला द्यावं. १९९९ पासून त्यांचं हेच काम आहे, जुन्या सुती कापडाचे ते पॅडही शिवतात. फक्त हूक तुटलेले ब्लाऊज आणि हळदीचे डाग पडलेले फ्रॉक कुठेही पाठवू नका, त्याचं घरी पायपुसणं होतं.

जोंधळा
लिहिणार नव्हतो. माझी आजी वाड्यावर कामाला जायची. दिवाळीला तिला तिथल्या बाईंचं उतरलेलं लुगडं मिळे, तेही हातात नाही, वरून टाकलेलं. चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं नेसावीत असं मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहिलंय. म्हणजे कोणी कोणाचं उतरलेलं घालायचं हे इथे फार आधीच ठरलेलं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली. कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ हवा म्हणाले. आजीने पुढे वडिलांना मागून आणलेला सदरा कधी घालू दिला नाही. एकच होता, तो रात्री धुवायचा, सकाळी ओलसर असला तरी तोच.

आज माझा पगार बरा आहे. तरी कोणी "तुमच्या मुलाला होतील हो" म्हणत पिशवी पुढे केली की पोटात कालवतं. देणाऱ्याच्या मनात काही नसतं, हे कळतं. म्हणून आधी विचारा, आणि समोरचा नको म्हणाला तर का ते विचारू नका.

खडूस आजोबा
झालं, पातेल्यावरून महाडला पोचलो. प्रत्येक धाग्यात जात आणलीच पाहिजे का?

जोंधळा
आजोबा, तुमचे जुने शर्ट कोणाला देता?

खडूस आजोबा
कामाला येणाऱ्या बाईंना देतो, त्यांच्या नवऱ्यासाठी. जाताना हातात देतो, टाकत नाही वरून. त्या आनंदाने घेतात. नको असते तर बोलल्या असत्या.

जोंधळा
तुम्हाला? महिन्याच्या पगाराआधी की नंतर?

एडिसनवासी
इकडे अमेरिकेत 'बाय नथिंग' म्हणून शेजाऱ्यांचे गट असतात. २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर दोघी मैत्रिणींनी ते सुरू केलं. फोटो टाकायचा, हवं असेल त्याने मागायचं, दारातून उचलून न्यायचं. मागणारा आधी बोलतो, त्यामुळे जोंधळा म्हणतात तो प्रश्न बराचसा सुटतो. आपल्या देशी मैत्रिणींत मात्र गाडी परत मूळपदावर. एका लग्नात घातलेला माझा घागरा मैत्रिणीला दिला, तिने तो दुसऱ्या लग्नात घातला, आणि अल्बम बघताना सासूबाई म्हणाल्या, "हा तर आपला ना?" तीही तिथेच बसलेली.

पाचवा मजला
आपला!! :)
तान्ह्या बाळाचं मात्र कोणी बोललं नाही. आमच्याकडे पहिलं झबलं दुसऱ्याच्या घरून मुद्दाम मागून आणतात, नवं घालतच नाहीत. तिथे कोणालाच लाज नाही.

सडेतोड
कारण तिथे मागतात. मी पहिल्यापासून वेगळं काय म्हणतोय?

ठमाबाई
काल वहिनींकडे गेले. परकराचा विषय मी काढणार नव्हते, त्यांनीच काढला. पाडव्याला मुलीला हौसेने नेसवला होता. खाली किल्ल्यापाशी मुलं म्हणाली, हा तर वरच्या ताईचा. आमच्याच बिल्डिंगमधली मुलं, त्यांनी तो माझ्या मुलीच्या अंगावर दोन गणपती पाहिलेला. पोरगी रडत घरी आली, पुन्हा हात लावेना. पिशवी परत करायला त्या दोनदा जिना चढून माझ्या दारापर्यंत आल्या होत्या म्हणे, बेल वाजवायचा धीर झाला नाही.

मुलीचा निळा फ्रॉक मात्र त्यांनी ठेवलाय. तो आम्ही बाहेर फारसा घातलाच नव्हता.

चहा त्याच पातेल्यात केला. बुडाला चांगलं जाड आहे.