शब्दचर्चा: पाणी ‘सुपोषित’ होतं की शेवाळ माजतं?

पवनी: आठवीच्या पोरांसाठी खाडीवरचा एक धडा सोप्या मराठीत लिहितो आहे. शेतातलं खत, शहराचं सांडपाणी नदीच्या मुखाशी पोचलं की तिथलं शेवाळ बेसुमार वाढतं. याला ‘सुपोषण’ असा शब्द वाचला. पण आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर हाच शब्द गुटगुटीत बाळाच्या चित्राखाली रंगवलाय. पोरांना वाटेल, पाणी धडधाकट झालं. दुसरं, गोगलगायी हे शेवाळ ‘चरतात’ म्हणावं का?

दर्यापूर: सर, ‘माजणे’ घ्या. तण माजतं, बांधावर रान माजतं, खाऊनपिऊन बैल माजतो. जास्तीचं खाणं आणि हाताबाहेर जाणं, दोन्ही त्या एका शब्दात आहे. आजी अजूनही म्हणते, ‘टाक्यातलं शेवाय माजलं’ (वऱ्हाडीत ळ चा य होतो). आणि विदर्भाला किनारा नाही म्हणून हा धडा परका समजू नका. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे जवळपास २१ किलो नायट्रोजन असतो. कपाशी सगळा घेत नाही. खत दिलं आणि रात्री झोडपून पाऊस आला की काही जमिनीत मुरतो, काही नाल्यानं पूर्णेत, तापीत, पुढे खंभातच्या आखाताकडे. तुमच्याकडचा वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराकडे.

पवनी: शब्द पटला. पण मग आपल्या तलावातही युरियानंच माजतं म्हणायचं का?

दर्यापूर: गोड्या पाण्यात बहुतेकदा फॉस्फरस तोकडा असतो, खाऱ्या पाण्यात नायट्रोजन. जे तोकडं तेच मिळालं की माजतं. म्हणून युरियाचा खरा हिसका खाडीला.

साकोली: ‘चरणे’ चुकीचं नाही दादा, पण गाय जिभेनं गवत ओढून तोडते, गोगलगायीचं तसं नाही. मागल्या वर्षी वर्गात बोडीतल्या (लहान तळ्यातल्या) चार गोगलगायी काचेच्या बरणीत ठेवल्या होत्या. आठवड्याभरात काचेवर हिरवी साय धरली. एका सकाळी त्या सायीतून नागमोडी स्वच्छ वाट गेलेली, आणि भिंगातून पाहिलं तर ती वाट सगळी बारीक ओरखड्यांची! तिची जीभ कानशीसारखी असते, इवल्या दातांच्या ओळीच ओळी. म्हणून मी ‘खरवडणे’ म्हणते. दुधाच्या पातेल्याची खरवड प्रत्येक पोरानं खाल्लेली असते.

या शब्दानं पुढचंही सांगता येतं. साय आहे तोवर खरवडता येते. खाडीतल्या समुद्रगवताच्या पानांवरची अशी साय गोगलगायी काढत राहतात, म्हणून त्या पानांना ऊन मिळतं. खत वाढत गेलं की सायीच्या जागी लांब तंतू आणि जाड हिरव्या चादरी येतात, त्या कानशीला आवरत नाहीत. चादर सडू लागली की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि खरवडणाऱ्या गोगलगायीच मरतात. शेवाळ आणखी मोकळं! धड्यात हे नक्की घाला. नाहीतर पोरं म्हणतील, खाडीत गोगलगायी सोडल्या की झालं.

पवनी: ताई, वाक्य असं केलंय: ‘खत जास्त झालं की शेवाळ माजतं, गोगलगायी ते खरवडतात, पण साय असेपर्यंतच.’

दर्यापूर: छान. वर्गात कोणी ‘शेवाय माजते’ म्हणालं तर खोडू नका, तेही बरोबरच आहे.