अरबी ‘जाब’: दोन शब्दांची जोड की जुनाच धातू?

खाडीकर
‘आणलं’ला कुवेतमध्ये ‘याब’, कैरोत ‘गाब’, दमास्कसपासून मोरोक्कोपर्यंत ‘जाब’. माझं ठाम मत: हा मूळ धातू नाहीच. अभिजात अरबीतलं ‘जाआ बि’ (घेऊन आला) घासून घासून एकजीव झालंय.

व्याकरणवेडा
असहमत. ‘जाब’ अभिजात अरबीत आहेच की! कुराणातल्या सूरह अल्-फज्र या अध्यायात समूद या प्राचीन जमातीच्या लोकांनी दरीतले खडक कापले, तिथे ‘जाबू’च येतं. कापणे, मग मुलूख पालथा घालणे, मग आणणे. अर्थ सरकला, एवढंच.

खाडीकर
मग वर्तमानकाळाचं काय करणार? कापण्याचं ‘यजूबु’, आणण्याचं मात्र ‘यिजीब’. ऊ कुठेच नाही. तो ‘ई’ सरळ ‘यजीउ’ म्हणजे ‘येतो’मधला. अजून बघा. ‘ती ते घेऊन आली’ला अभिजात रूप ‘जाअत बिही’: आधी स्त्रीलिंगी त, मग ब. बोलीत ‘जाबतो’: ब आधी, त नंतर. म्हणजे लोकांनी ब धातूतच गिळला.

पुणेरी_मिसळ
हिंदी ‘लाना’ची हीच कुळकथा. ‘ले आना’चं झालं ‘लाना’, म्हणून ‘वह लाया’ म्हणतात, ‘उसने लाया’ नाही. आपली मंडळी बिनदिक्कत ‘मैंने लाया’ ठोकतात, ते सोडा.

व्याकरणवेडा
‘ई’चा मुद्दा बिनतोड आहे. तरी ‘जाब’ हा साचा आधीपासून कानात होता म्हणूनच जोड इतकी सहज बसली, हे मी सोडणार नाही.

शुद्धलेखन_प्रेमी
कशाला एवढा काथ्याकूट? अपभ्रंश तो अपभ्रंश. शिकायचं तर ‘आणलं’साठी ‘अहदर’ शिका, बातम्यांतली भाषा ती.

खाडीकर
बातम्या ऐकायच्या असतील तर शिका. कुवेतच्या कॅफेत ‘यीब चाय’ (चहा आण) हेच चालतं. आणि अपभ्रंश म्हणावं तर केवढा पसारा! शाम म्हणजे सीरिया-लेबनॉनकडे ‘जाबत वलद’ म्हणजे तिला मुलगा झाला, इजिप्तमध्ये ‘गाब गोल’ म्हणजे गोल मारला, ‘गाब सीरतो’ म्हणजे त्याचा विषय काढला. माल्टाच्या भाषेतही ‘जीब’ आहे, आणि ती तर रोमन लिपीत लिहितात. अभिजात अरबीचा धाक तिथे शतकानुशतकं नाही.

व्याकरणवेडा
माल्टाचं उदाहरण तुमच्याच बाजूचं कसं? जोड फार जुनी आहे एवढंच त्यातून दिसतं. जुनी असेल तर ‘यजूबु’ बोलीत जिवंत असतानाच ती झाली असणार, आणि मग माझा साचा आलाच.