पहिला पीसी जोडला, आता ओव्हरक्लॉकिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

मोर्णाकाठ:
नमस्कार मंडळी, मी अकोल्याचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या महिन्यात स्वतःच्या हातानं पहिला डेस्कटॉप जोडला. रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५ ६००० च्या १६ जीबीच्या दोन स्टिक, आरएक्स ७६००, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि सीपीयूच्या बॉक्समध्ये आलेलाच फॅन. विंडोज पडलं, गेम मस्त चालतायत. पण टास्क मॅनेजरमध्ये रॅम ४८०० च दिसते, पैसे तर ६००० चे मोजलेत! आणि सिनेबेंच (सीपीयूवर पूर्ण लोड टाकणारी टेस्ट) लावलं की सीपीयू ९० डिग्रीच्या वर जातो, इथे दुपारी खोलीतच चाळीसच्या आसपास असतं, पाण्याचा कूलर लावूनसुद्धा. मला हे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिप ठरलेल्या वेगाच्या वर पळवणं, नीट शिकायचंय, नुसते व्हिडिओ बघून आकडे टाकायचे नाहीत, कुठल्या सेटिंगनं काय होतं ते कळलं पाहिजे. आत्ता करू का पाऊस पडेपर्यंत थांबू?

बारा_व्होल्ट:
अभिनंदन भावा, पहिल्या झटक्यात डिस्प्ले आला म्हणजे काम नीट केलंयस.

आधी रॅम. ४८०० दिसते ते बरोबरच आहे, डीडीआर५ डिफॉल्टला तशीच सुरू होते, ६००० चं प्रोफाइल स्टिकमध्ये साठवलेलं असतं ते बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारा बोर्डाचा सेटिंग मेनू) जाऊन आपण ऑन करायचं, एएमडीच्या बोर्डावर त्याला एक्स्पो म्हणतात. पण त्याआधी बायोस अपडेट करून घे. २०२३ मध्ये एक्स्थ्रीडीवाले (जास्तीची कॅश मेमरी असलेले) काही रायझन सॉकेटसकट जळाले होते, त्यानंतर एएमडीनं एसओसी व्होल्टेजला (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं व्होल्टेज) १.३ व्होल्टची मर्यादा घातली आणि ती नवीन बायोसमधूनच आली. एक्स्पो ऑन केल्यावर पहिल्या बूटला स्क्रीन काळी राहील, दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त. बोर्ड त्या वेळात रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे तिच्याशी टायमिंग जुळवणं, करत असतो, घाबरून पॉवर बटन दाबू नकोस. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं टूल) रात्रभर चालव. एकही एरर आली तर ते सेटिंग चालणार नाही, कारण खराब रॅम गुपचूप फायली बिघडवते आणि ते तुला महिन्याभरानं कळतं.

आता सीपीयू. यात जे कळायला हवं ते एवढंच, चिपची वीज क्लॉकच्या (म्हणजे वेगाच्या) प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर त्याच क्लॉकला वीज १९ टक्क्यांनी उतरते. म्हणून आजचं ओव्हरक्लॉकिंग व्होल्टेज उतरवून होतं. बायोसमध्ये पीबीओ (चिपच्या स्वतःहून वर चढण्याच्या मर्यादा बदलणारं सेटिंग), त्यात कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक क्लॉकला मिळणारं व्होल्टेज कमी-जास्त करणारं), ऑल कोअर, निगेटिव्ह, १० टाक. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. वाचलेली वीज चिप स्वतःच जास्त क्लॉकवर घालवते, त्यामुळे तापमान तेवढंच दिसलं तरी एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान, क्लॉक दाखवणारं टूल) क्लॉक बघ, तो चढलेला असेल. थंड हवं असेल तर तिथेच थर्मल लिमिट ९५ ची ८५ करून टाक.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, खोलीचं तापमानसुद्धा लिहायचं. पाऊस पडायची वाट बघू नकोस, उलट मे महिन्यात अकोल्याला जे सेटिंग टिकेल ते पुढे वर्षभर टिकेल. फक्त पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नकोस, ती दमट हवा आत जायला नको. आणि बॉक्समधला फॅन या चिपच्या ८८ वॅटला कसाबसा पुरतो, जमेल तेव्हा १२० एमएम फॅनचा साधा टॉवर कूलर घे.

लॅमिंग्टन_रोड_जुना:
वरचं सगळं पटलं. थोडी जुनी गोष्ट सांगतो म्हणजे हे असं का झालं ते कळेल. १९९८ ला इंटेलचं सेलेरॉन ३००ए आलं, मल्टिप्लायर ४.५ ला लॉक, पण बस (बोर्डाचा मूळ क्लॉक, त्याला मल्टिप्लायरनं गुणलं की चिपचा क्लॉक) ६६ ची १०० केली की ३०० मेगाहर्ट्झचं थेट ४५०, आणि कितीतरी चिप नेहमीच्याच व्होल्टेजवर ते सहन करायच्या. मुंबईत ग्रँट रोडला आमच्यासारखी पोरं नुसती तीच चिप शोधत फिरायची. तेव्हा कंपनी चिपमध्ये भरपूर वाव शिल्लक ठेवायची, तो वाव म्हणजे आपला फायदा. आता चिप सेकंदाला कितीतरी वेळा स्वतःचं तापमान, करंट बघून स्वतःच वर चढते, तुझं ७६०० बॉक्समधूनच ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातं. म्हणून दीडपट वगैरे विसर, काही टक्केच मिळतील, पण त्या काही टक्क्यांसाठी जे शिकशील ते फार मोलाचं आहे. आणि हो, एएमडीच्या हिशोबात पीबीओ, एक्स्पो दोन्ही ओव्हरक्लॉकिंगमध्येच धरतात, त्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे माहीत असू दे.

वायरमन_सांगली:
सेटिंगला हात लावण्याआधी प्लगकडे बघ. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाहीये, पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट नसते. आधी ते करून घे, आणि तीन पिनच्या प्लगला दोन पिनचं कन्व्हर्टर कधीच लावू नकोस. यूपीएस घेणार असशील तर ६०० व्हीएचा घेऊ नकोस, तो साधारण ३६० वॅटपर्यंतच, आणि तुझं कार्ड एकटंच १६५ वॅट खातं, वर सीपीयू, मॉनिटर. १००० व्हीएच्या पुढचा बघ. बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून यूपीएस येईपर्यंत अपडेट अशा वेळी कर जेव्हा लाइट जात नाही.

मोर्णाकाठ:
खूप खूप आभार दादा लोकांनो! अर्थिंग खरंच नव्हतं, घरमालकांना सांगून करून घेतलं. एक्स्पो चालू आहे, मेमटेस्ट रात्रभर क्लीन गेली. कर्व्ह १० वर ठीक होतं म्हणून २० केलं, सिनेबेंच अर्धा तास पास, क्लॉक पण वाढला. पण काल नुसतं ब्राउझर उघडं होतं, काहीच लोड नव्हता आणि पीसी आपोआप रीस्टार्ट झाला. लोडवर चालतं आणि रिकाम्यावर पडतं, असं कसं?

बारा_व्होल्ट:
हे कर्व्हचंच लक्षण आहे. सगळे कोअर कामाला लागले की वीज वाटली जाते, क्लॉक थोडा खाली राहतो, तिथे २० चालून जातं. ब्राउझर उघडा असताना मात्र एखादाच कोअर क्षणभर पूर्ण ५.१ वर उडी मारतो, आणि त्या उंचीला आपण उतरवलेलं व्होल्टेज कमी पडतं. सिनेबेंचमध्ये ती उडी येतच नाही म्हणून ते पास झालं.

कोअरसायक्लर नावाचं फुकट टूल आहे, ते एकेका कोअरला एकट्याला पळवतं आणि कुठला कोअर चुकला ते सांगतं. झोपताना लावून ठेव. जो चुकेल त्याचाच आकडा २० चा १५ कर, बाकीचे तसेच ठेव, त्यासाठी बायोसमध्ये ऑल कोअरच्या जागी पर कोअर निवडायचं. बहुतेक वेळा चिपमधले सगळ्यात वेगवान म्हणून नेमलेले कोअरच आधी पडतात, त्यांना मुळातच कमी व्होल्टेज दिलेलं असतं. कुठला पडला ते इथे लिही, मग पुढचं बघू. ग्राफिक्स कार्डाला अजून हात लावू नकोस.