पावसात पॉवर व्हीलचेअर कशी जपायची? सल्ला हवाय

मंडळी, सहा वर्षं पॉवर व्हीलचेअर वापरतोय. परवा अचानक सर आली, आडोसा मिळेपर्यंत दहाएक मिनिटं भिजलो. घरी पोचलो तेव्हा खुर्ची ठणठणीत चालत होती म्हणून वरवर पुसली आणि नेहमीसारखी चार्जिंगला लावून झोपलो. सकाळी चालू केली तर जॉयस्टिकवरचे दिवे नुसते लुकलुकतायत आणि खुर्ची जागची हलेना. दोन दिवस पलंगावर काढले. खुर्ची बंद म्हणजे माझं सगळंच बंद, साधं पाणी हवं तरी हाक मारायची. तिसऱ्या दिवशी आपोआप चालू झाली, पण आता भरवसा वाटत नाही. कव्हर पूर्ण खुर्चीचं घेऊ की फक्त जॉयस्टिकचं? आणि भिजलीच तर आधी काय करायचं? माहितीपत्रकात आयपीएक्स४ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलंय, मग पाऊस चालायला हवा ना?

प्रतिसाद १

मी या खुर्च्या दुरुस्त करतो. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही पाण्याचे शिंतोडे आले तर चालतं, बस एवढंच. पाण्यात बुडणं, पाइपचा फवारा हे त्यात येत नाही. आणि ती चाचणी नव्या कोऱ्या भागांवर झालेली असते, सहा वर्षं वापरलेल्या रबराचं काय?

जॉयस्टिकच्या बुडाशी घड्याघड्यांचं रबर असतं ना, तिथेच बघा. खुर्ची बंद करून दांडा एका बाजूला पूर्ण झुकवा आणि टॉर्च मारून ताणलेल्या घड्या नीट तपासा, मग चारी बाजूंनी तसंच. केसाएवढी चीर असली तरी पाणी सरळ आतल्या सर्किटवर उतरतं. हे रबर सुटं मिळतं, बदलून घ्या, चिकटपट्टी लावून भागवू नका.

दिवे का लुकलुकले तर चालू होताना कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, आधी दांडा मधोमध आहे का ते तपासतो. ओलीमुळे सिग्नल गडबडला की तो खुर्ची हलूच देत नाही, कारण ती आपोआप पळाली तर जास्त वाईट. किती वेळा लुकलुकतात ते मोजून ठेवत जा, बऱ्याच खुर्च्यांत त्या आकड्यावरून बिघाड कुठला ते कळतं. तुमची आपोआप सुरू झाली म्हणजे ओल वाळली असणार, पण पिनांना गंज धरायला लागला असेल तर आणखी काही आठवड्यांनी त्रास देईल. कनेक्टर उघडून घ्या, हिरवी किंवा पांढरी पूड दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेच्या जोडण्या साफ करायचा स्प्रे) साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहून नेणारं, ओल अडवणारं ग्रीस) लावायचं.

आणि हात जोडून सांगतो, ओली खुर्ची चार्जिंगला लावू नका! आधी बंद करा, बॅटरीचा प्लग हाताशी असेल तर काढा, कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग साध्या पंख्याच्या वाऱ्यात निदान एक दिवस. हेअर ड्रायरची गरम हवा नको, प्लास्टिक वाकतं. तांदळात ठेवायचा सल्लाही मिळेल, त्याचा उपयोग नाही.

प्रतिसाद २

मीही खुर्ची वापरते, दादा. खूप कव्हरं वापरून झाली माझी. बाहेर असताना जॉयस्टिकला जाडसर पारदर्शक पिशवी सगळ्यात बरी, पारदर्शक अशासाठी की बॅटरीचे दिवे दिसतात. पण ती ढगळ हवी, हे फार महत्त्वाचं! एकदा मी इलॅस्टिकवाली घट्ट टोपी घातली होती, हात सोडला तरी तिने दांडा पुढे खेचून धरला आणि खुर्ची थांबेचना. तेव्हापासून पिशवी चढवली की खुर्ची बंद असतानाच दांडा चारी दिशांना हलवून बघते, सोडल्यावर झटकन मधे यायला हवा.

अंगावर पॉन्चो घ्या, हात आणि जॉयस्टिक दोन्ही झाकणारा, मात्र बाजूची आणि मागची कड चाकांच्या वर राहील एवढाच लांब. कापड चाकात गेलं तर माणूस खेचला जातो. साचलेल्या पाण्यातून मी जातच नाही, खोली कळत नाही आणि मोटर, बॅटरी सगळं खालीच तर असतं.

प्रतिसाद ३

आमच्या आईची खुर्ची आहे. वरच्यांना +१. फक्त एक राहिलं, गादी. सगळे जॉयस्टिकच्या मागे लागतात आणि गादीचा खालचा फोम ओला राहतो. वरून हाताला कोरडी लागते पण तळहाताने दाबून धरली की गार ओल जाणवते. आईला त्याच ओलीने दोन दिवसांत कातडी लाल झाली होती, तिला तिथे संवेदना नाही त्यामुळे कळलंच नाही. जास्तीचं कव्हर घेऊन ठेवा आणि फोम पूर्ण वाळेपर्यंत दुसरी गादी वापरा.

पूर्ण खुर्चीचं कव्हर आम्ही फक्त ती उभी असताना घालतो, तेही खुर्ची कोरडी असेल तरच. ओलीवर प्लास्टिक टाकलं की आतल्या आत घाम धरतो. थंडीतून एकदम उबदार खोलीत आणल्यावरही असंच दव धरतं, तेव्हा थोडा वेळ थांबून मग चार्जिंग.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता भावाला टॉर्च धरायला लावून रबर बघितलं, दांडा डावीकडे झुकवल्यावर तिसऱ्या घडीत नखाएवढी चीर निघाली. सरळ असताना काहीच दिसत नव्हतं. नवीन रबर मागवलंय. ताई, ढगळ पिशवीचं लक्षात ठेवतो. कनेक्टरचं मात्र मी घरी करणार नाही, माहितगार माणसाकडूनच उघडून घेईन, पिना कशा निघाल्या ते इथे येऊन सांगतो.